घरी राहा, पण जगा कशावर?

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवरून देशाला टाळेबंदीची आज्ञा दिली आणि अवघ्या चार तासांनी ती अमलात आली. त्या आज्ञेचे सार दोन शब्दांचे होते : घरी राहा. पुढे मे महिन्यात केंद्रीय गृहमंत्रालयाचे जे आदेश निघाले, त्यांत पासष्ट वर्षांवरील व्यक्तींचा वेगळा उल्लेख होता. त्यांनी अत्यावश्यक गरज अगर औषधोपचार याखेरीज घराबाहेर पडूच नये, असे त्यांत सांगितले होते. मी त्या वेळी सदुसष्ट वर्षांचा होतो. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एका रसायन कारखान्यात तेहतीस वर्षे नोकरी करून २०११ साली निवृत्त झालो आणि बदलापूरला दोन खोल्यांत पत्नी, मुलगा, सून व नात यांच्यासह राहू लागलो. म्हणजे तो आदेश माझ्यासाठीच होता. मी तो पाळला. त्याविषयी माझी तक्रार नाही. संसर्गाचे स्वरूप पाहता माणसांनी परस्परांपासून काही काळ दूर राहणे आवश्यकच होते, आणि वृद्धांना धोका अधिक होता, हेही खरे. टाळेबंदी करावी की नाही, हा या लेखाचा विषय नाही. टाळेबंदीची किंमत कोणी मोजली आणि ज्यांनी ती मोजली त्यांचा हिशेब पुढे कोणी चुकता केला काय, हा प्रश्न आहे. त्या दिवसांच्या आठवणी आता विरू लागल्या आहेत आणि सत्ताधाऱ्यांना त्या विरायलाच हव्या आहेत, म्हणून तो आज विचारणे अगत्याचे वाटते.

आधी त्या दिवसांतील आमचे जगणे कसे होते, ते सांगतो. बदलापूर हे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे अडुसष्ट किलोमीटरवरचे गाव. आमचा दिवस घड्याळावर चालत नाही, लोकल गाड्यांवर चालतो. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल थांबल्या आणि दिवसाचा आकारच नाहीसा झाला. फलाटाच्या कर्जतकडील टोकाला एका बाकावर आम्ही पाच-सहा निवृत्त माणसे रोज संध्याकाळी बसत असू. कोणी अंबरनाथहून येई, कोणी उल्हासनगरहून. राजकारण, रक्तदाब, जुने संप, मुलांच्या नोकऱ्या, सगळे त्या बाकावर बोलून होई. तो बाक गेला. वर्तमानपत्र येईनासे झाले. सकाळी उठावे, खिडकीतून रिकामा रस्ता पाहावा, दुधाच्या पिशव्या साबणाच्या पाण्याने धुवाव्या, एका मोबाइलवर नातीची शाळा सुरू झाली की आम्ही म्हाताऱ्यांनी स्वयंपाकघरात जाऊन गप्प बसावे, असा क्रम ठरून गेला. मुलगा अंधेरीच्या एका खासगी आस्थापनेत कारकून. ते कार्यालय बंद झाले. टाळेबंदीच्या काळात कामगारांना पूर्ण वेतन द्यावे, असा आदेश केंद्राने २९ मार्च रोजी काढला होता खरा. पण १८ मेपासून तोच मागे घेण्यात आला. आमच्या घरात तर तो कागदावर होता तेव्हाही पोहोचला नाही. मुलाला एप्रिलचा अर्धा पगार मिळाला आणि मेचा मिळालाच नाही.

अशा वेळी घरातील वृद्धाच्या पेन्शनला महत्त्व येते. म्हणून मी एका दुपारी वही काढून हिशेब मांडला. १९९५ च्या नोव्हेंबरात कामगारांसाठी जी कर्मचारी निवृत्तीवेतन योजना सुरू झाली, तिचे सूत्र सोपे आहे. निवृत्तीवेतनास पात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले सत्तर. माझा प्रत्यक्ष पगार कितीही असो, माझ्या निवृत्तीच्या वेळी पात्र वेतनाची मर्यादा ६,५०० रुपये होती. योजना सुरू झाल्यानंतरची माझी सेवा सोळा वर्षांची. साडेसहा हजार गुणिले सोळा भागिले सत्तर म्हणजे १,४८६ रुपये. आधीच्या सतरा वर्षांबद्दल ठरावीक तक्त्यानुसार काही शे रुपये. एकूण रक्कम दोन हजारांच्या आसपास. तेहतीस वर्षे तीन पाळ्यांत आम्लाची पिंपे हाताळल्याचे हे मोल. त्यात महागाई भत्ता नाही. २०११ साली जेवढे रुपये मिळत होते तेवढेच २०२० साली मिळत होते. या नऊ वर्षांत डाळ, गॅसची टाकी आणि रक्तदाबाच्या गोळ्या मात्र कुठल्याही सूत्राला बांधलेल्या नव्हत्या.

दुसरा आधार बचतीचा. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीतून मुलीचे लग्न व घराचे कर्ज भागवून पाच लाख रुपये उरले होते, ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले होते. त्या ठेवीची मुदत त्याच उन्हाळ्यात संपली आणि ती नव्याने ठेवावी लागली. देश घरात कोंडला गेला असताना, १ एप्रिल २०२० पासून, सरकारने या योजनेचा व्याजदर ८.६ टक्क्यांवरून ७.४ टक्क्यांवर आणला होता. पाच लाखांवर वर्षाला ४३,००० ऐवजी ३७,००० रुपये. महिन्याला ५०० रुपये कमी, म्हणजे माझ्या पेन्शनचा चौथा हिस्सा! वृद्धांनी स्वतःला जपावे असा उपदेश आणि वृद्धांच्या व्याजात कपात, या दोन्ही गोष्टी एकाच सरकारने, एकाच आठवड्याच्या अंतराने केल्या. थाळ्या वाजवून कृतज्ञता व्यक्त करायला सांगणारे सरकार कृतज्ञतेला खर्च लागत नाही, हे नीट ओळखून होते.

तरीही मी सुखी होतो, असेच म्हणावे लागेल. माझ्या बाकावरच्या इतर दोघांची हकीकत सांगितल्याशिवाय या विधानाचा अर्थ कळणार नाही.

एक मित्र अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेला. त्याला केंद्र सरकारचे निवृत्तीवेतन, महागाई भत्त्यासह. आमच्यात तो श्रीमंत. २३ एप्रिल २०२० रोजी केंद्राने आदेश काढून कर्मचारी व निवृत्तिवेतनधारक यांच्या महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले. जुलै २०२१ पासून भत्ता १७ टक्क्यांवरून २८ टक्के झाला. पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी बुडाली ती बुडालीच. या एका निर्णयातून सरकारने ३४ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम वाचवली. मित्र फोनवर म्हणाला, “माझे काही अडले नाही रे, पण ज्या निर्माण्यांनी या साथीत मुखपट्ट्या आणि जंतुनाशक बनवून दिले, त्यांच्याच माणसांच्या खिशात हात घातला, याचे वाईट वाटते.” त्याला आणखी वाईट वाटायचे होते. जून २०२१ च्या अखेरीस अध्यादेश काढून संरक्षण उत्पादनातील संपाला बंदी करण्यात आली आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या करण्यात आल्या. माणसे रस्त्यावर उतरू शकत नव्हती, त्या काळातच हे उरकण्यात आले, ही बाब कार्यकर्त्यांनी विसरू नये. सप्टेंबर २०२० मध्ये कामगारविषयक तीन संहिता संसदेत विरोधकांच्या बहिष्कारात संमत झाल्या, त्याही याच पद्धतीने.

दुसरा मित्र उल्हासनगरचा, कॅम्प नंबर चारमधला सिंधी. फाळणीनंतर आईबाप कराचीहून आले आणि लष्कराच्या बराकीत राहिले. त्याच बराकीत, ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या उपस्थितीत या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, याचा जन्म. आयुष्यभर तो शिलाई यंत्रावर बसला. प्रथम सदरे, नंतर जीन्स. नगावर मजुरी. पन्नास वर्षांत चौदा मालक आणि एकाही मालकाच्या हजेरीपटावर नाव नाही. भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही. सत्तराव्या वर्षी टाळेबंदी आली तेव्हा तो निवृत्त नव्हता, कारण निवृत्त होण्यासाठी आधी कुणाच्या तरी नोंदवहीत नोकर असावे लागते. कारखाना बंद झाला. मालक बरा होता. त्याने एक महिन्याचा शिधा दिला. पुढे काय?

सरकारी योजना होती. वृद्धांसाठी राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. तिची अट अशी की अर्जदाराचे वय पासष्ट वर्षे असावे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे. एकवीस हजारांना तीनशे पासष्टने भागा. दिवसाला सत्तावन्न रुपये आणि काही पैसे. ज्या वृद्धाचे कुटुंब दिवसाला अठ्ठावन्न रुपये मिळवते, तो शासनाच्या दृष्टीने सुस्थितीत आहे! माझ्या मित्राचा मुलगा हातगाडीवर भाजी विकत होता, म्हणून मित्र अपात्र ठरला. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तीवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या दारिद्र्यरेषेखालील वृद्धासाठी केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये, आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ त्यात एका रुपयाची वाढ झाली नाही. २६ मार्च २०२० रोजी गरीब कल्याणाचे जे मोठे पॅकेज जाहीर झाले, त्यात अशा गरीब वृद्धांना, विधवांना व अपंगांना मिळाले एकूण १,००० रुपये, तेही पाचशेच्या दोन हप्त्यांत, तीन महिन्यांसाठी. म्हणजे दिवसाला अकरा रुपये. आणि जो त्या यादीत नव्हता, त्याला तेही नाही.

मित्राने यंत्र घरी आणले आणि मुखपट्ट्या शिवायला बसला. नगाला काही पैसे मिळत. पासष्टीवरच्या माणसाने घरी राहावे हा आदेश त्याने अक्षरशः पाळला. तो घरी राहिला आणि घरी बसून दिवसाचे बारा तास राबला. १ मार्च २०२१ पासून साठीवरच्यांना लस मिळू लागली. पण नोंदणी मोबाइलवर करायची होती आणि याचा मोबाइल बटणाचा. मुलाला उसंत मिळेपर्यंत एप्रिल उजाडला. दुसऱ्या लाटेत, त्या एप्रिलच्या शेवटी, तो गेला. आम्हा कुणालाच त्याच्या अंत्यविधीला जाता आले नाही. त्याच्या मृत्यूने कुठल्याही कार्यालयातील कुठलीही नोंद बदलली नाही. त्याचे पेन्शन कोणाला थांबवावे लागले नाही. ते कधी सुरूच झाले नव्हते.

एकाच बाकावर बसणारी ही तीन माणसे. तिघांनीही आयुष्यभर अंग मोडून काम केले. तिघांच्या श्रमात काडीचा फरक नव्हता. तरी म्हातारपणी एकाला महागाईशी जोडलेले पूर्ण वेतन, दुसऱ्याला गोठलेले दोन हजार आणि तिसऱ्याला शून्य. हा फरक त्यांच्या गुणांचा नाही. कोणाचा मालक कोण होता, एवढ्यावरच तो ठरला. साथीने सर्वांना समान केले, रोगापुढे राजा आणि रंक सारखेच, असे त्या दिवसांत पुष्कळ बोलले गेले. हे असत्य आहे. विषाणू निवड करीत नसेल. पण घराचा आकार, औषधाचे पैसे, लशीची नोंदणी, रुग्णालयाचे अंतर ही सगळी निवड समाजव्यवस्थेने आधीच करून ठेवली होती. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर पाच लाखांवर, अंबरनाथ अडीच लाखांवर आणि बदलापूर पावणेदोन लाखांच्या जवळ होते. नंतर इमारती किती वाढल्या, हे गाडीतून जाणाऱ्या कोणालाही दिसते. एवढ्या वस्तीला मोठा सार्वजनिक आधार म्हणजे उल्हासनगरचे शासकीय मध्यवर्ती रुग्णालय. त्यापुढे कळवा नाही तर मुंबई. ज्याच्याकडे पैसा होता त्याने खासगी खाट गाठली. ज्याच्याकडे नव्हता त्याच्या नातेवाइकांनी रात्रभर फोन फिरवले.

आता सरकारच्या बाजूने दिली जाणारी उत्तरे तपासू.

पहिले उत्तर असे की संकट अभूतपूर्व होते आणि तिजोरीत पैसा नव्हता. टाळेबंदीच्या सहा महिने आधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, याच सरकारने कंपन्यांवरील प्राप्तिकराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला आणि त्यापायी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असे स्वतःच जाहीर केले. कर्मचारी आणि निवृत्त यांच्या भत्त्यातून दीड वर्षात काढलेले चौतीस हजार कोटी या सवलतीच्या चौथ्या हिश्श्याइतकेही नाहीत. तिजोरी रिकामी होती असे म्हणणाऱ्यांनी ती कोणासाठी रिकामी केली, तेही सांगावे. २० मार्च २०२० पासून लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्यांतील ज्येष्ठ नागरिकांची तिकीट-सवलत काढून घेण्यात आली. वृद्धांनी अनावश्यक प्रवास करू नये, हे कारण त्या वेळी पटण्याजोगे होते. मग गाड्या पूर्ववत धावू लागल्या आणि साथ ओसरली, तरी सवलत परत दिली नाही. तात्पुरत्या संकटाचे निमित्त करून कायमची कपात कशी करतात, याचा हा नमुना आहे.

दुसरे उत्तर नैतिक सुरात येते. आईवडिलांचा सांभाळ मुलांनी करावा, ही आपली संस्कृती. सरकारने कशाकशात पडावे? २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी कायदा झाला, तोही याच धोरणाचा. न सांभाळणाऱ्या मुलावर न्यायाधिकरणात अर्ज करा. मी माझ्या मुलावर अर्ज करू? ज्याचा पगार दोन महिने बुडाला, जो पुढे जून महिन्यात पहाटे चारला उठून एस.टी.च्या रांगेत उभा राहू लागला आणि तीन-तीन तास प्रवास करून मुंबई गाठू लागला, त्याच्यावर? लोकल १५ जून २०२० ला सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्यांपुरत्या. सर्वसामान्यांना, तेही ठरावीक वेळांत, १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत थांबावे लागले. गरीब मुलावर गरीब बापाचा भार टाकणे आणि त्याला संस्कृती म्हणणे, ही मालकवर्गाच्या सोयीची संस्कृती आहे. बापाच्या श्रमाचा नफा ज्याने घेतला, त्याच्यावर या संस्कृतीत कसलेच कर्तव्य येत नाही.

तिसरे उत्तर असे की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी आहे आणि मेहेरबानी ऐपतीप्रमाणे होते. हे उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच निकालात निघाले आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की निवृत्तीवेतन हे दान अगर बक्षीस नव्हे. ते केलेल्या सेवेबद्दलचे देणे आहे. तो निकाल सरकारी सेवकांपुरता होता. पण त्यातील तत्त्व खरे असेल तर ते रसायन कारखान्याच्या फाटकाशी येऊन थांबत कसे? जे श्रम अंबरनाथच्या निर्माणीत देणे ठरतात, ते शेजारच्या खासगी कारखान्यात अथवा कॅम्पातल्या शिलाई यंत्रावर भिक्षेस पात्र कसे ठरतात?

कर्मचारी निवृत्तीवेतन योजनेचा इतिहास पाहा. राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ साली किमान पेन्शन ३,००० रुपये करण्याची शिफारस केली. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी. त्यांचा पक्ष २०१४ साली सत्तेवर आला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात किमान पेन्शन ठरले १,००० रुपये आणि पुढे दहा वर्षे उलटून गेली तरी ते हजारच राहिले. टाळेबंदीच्या सबंध काळात हेच कोश्यारी महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून राजभवनात होते. त्यांच्याच शिफारशीच्या अंमलबजावणीसाठी बुलढाण्यात वृद्ध कामगार २०१८ च्या डिसेंबरपासून साखळी उपोषणाला बसले होते. या योजनेचे निवृत्तिवेतनधारक सत्तर लाखांहून अधिक आहेत. उलट २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी जी एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली, तिच्यात दहा वर्षे सेवा झालेल्यास दरमहा किमान १०,००० रुपयांची हमी आहे. त्या कर्मचाऱ्यांना ते मिळावे, यात वाद नाही. पण एका सरकारच्या लेखी एका वृद्धाचे किमान पोट दहा हजारांचे आणि दुसऱ्याचे एक हजाराचे, हे अंकगणित कोणत्या न्यायात बसते?

राज्याची तऱ्हा वेगळी नाही. २०२४ च्या जुलैपासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. वार्षिक अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील स्त्रीला दरमहा १,५०० रुपये, वय एकवीस ते पासष्ट. स्त्रियांच्या हाती पैसा जावा, हे आम्हाला मान्यच आहे. पण पासष्ट पुरी होताच ती बहीण लाडकी राहत नाही! तिथून पुढे तिने श्रावणबाळ योजनेच्या दारात जायचे, आणि तिथली उत्पन्नाची अट अडीच लाखांची नाही, एकवीस हजारांची. हात थकतात, औषधे वाढतात, नेमक्या त्या वयात शासन हात आखडता घेते. निवडणुकीचे राजकारण आणि सामाजिक सुरक्षितता यांतील अंतर समजण्यास याहून सोपे उदाहरण शोधावे लागणार नाही.

शेजारच्या नेपाळकडे पाहावे. आपल्याहून गरीब देश. १९९५ च्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे कामगारांच्या पगारातून कापलेल्या पैशावर सत्तरने भागण्याचे सूत्र तयार होत होते त्याच सुमारास, मनमोहन अधिकारी यांच्या अल्पजीवी साम्यवादी सरकारने पंचाहत्तर वर्षांवरील प्रत्येक वृद्धाला दरमहा शंभर रुपये भत्ता सुरू केला. रक्कम तुटपुंजी होती. पण तत्त्व मोठे होते. उत्पन्नाचा दाखला नाही, मालकाची सही नाही. म्हातारा झालास, नागरिक आहेस, तेवढे पुरे. नंतर आलेल्या भिन्न विचारांच्या सरकारांनाही तो भत्ता बंद करण्याचे धैर्य झाले नाही. त्यांना तो वाढवावाच लागला. सार्वत्रिक हक्क एकदा रुजला की तो उपटता येत नाही. अटींच्या काटेरी कुंपणातली मदत मात्र कोणत्याही अर्थसंकल्पात गुपचूप छाटता येते.

येथवर सरकारविषयी लिहिले. आता आपल्याविषयी लिहिले नाही तर लेख अप्रामाणिक ठरेल.

मी सतरा वर्षे कारखान्यातील युनियनचा पदाधिकारी होतो. आम्ही बोनससाठी लढलो, वेतनकरारांसाठी लढलो, एकदा सत्तर दिवस फाटकाबाहेर बसलो. पण १९९५ साली पेन्शन योजना आली तेव्हा तिच्यात महागाई भत्ता नाही, याचा अर्थ पंधरा-वीस वर्षांनी काय होईल, यावर आमच्या कार्यकारिणीत एक बैठकही झाली नाही. निवृत्ती दूर होती. त्याच फाटकातून रोज ठेकेदाराचे दोनशे कामगार आत येत होते. त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचा भरणा होतो की नाही, हे विचारणे आमच्या कक्षेत बसत नव्हते. आणि उल्हासनगरच्या शिलाई कारखान्यांत तर आम्ही कधी पाऊल टाकले नाही. ते सिंधी मालक-मजुरांचे जग, आपला तिथे काय संबंध, असे आम्ही मानून चाललो. त्या मानण्याची किंमत माझ्या मित्राने मोजली. संघटित कामगाराने आपल्यापुरती भिंत बांधली. भांडवलदाराने भिंतीबाहेरचा कामगार वाढवत नेला आणि मग भिंतच पाडली. १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यातील सरकारी कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी संप केला, त्याला आपण पाठिंबा दिला, ते योग्यच झाले. पण ‘आमच्याबरोबर ठेक्यावरच्या कामगाराला आणि नगावर शिवणाऱ्यालाही’ ही मागणी त्या संपाच्या फलकांवर अग्रभागी असती, तर ‘यांना किती द्यायचे?’ असा सवाल करून सामान्य माणसालाच संपाविरुद्ध उभे करणे सत्ताधाऱ्यांना इतके सोपे गेले नसते.

म्हणून काही गोष्टी ठरवून करावयास हव्यात. पेन्शनचा प्रश्न सरकारी सेवकांचा, कामगारांचा आणि असंघटितांचा असा तीन फायलींत ठेवणे आपण थांबवले पाहिजे. साठीवरच्या प्रत्येक श्रमिकाला, उत्पन्नाच्या दाखल्याविना, जगता येईल एवढे आणि महागाईशी जोडलेले निवृत्तीवेतन ही एकच मागणी हवी. कंपन्यांवरील कराचा दर पूर्ववत करून त्यासाठी पैसा उभा करता येतो, हे तिच्याबरोबर ठणकावून सांगायला हवे. तोवर कामगारांच्या योजनेतील किमान पेन्शन वाढवून तिला महागाई भत्ता द्यावा आणि श्रावणबाळ योजनेची एकवीस हजारांची अट रद्द करावी, यासाठी तहसील कार्यालयावर सातत्याने धडक द्यावी. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील आपल्या शाखांनी प्रभागवार वृद्धांच्या याद्या कराव्यात. कोणाला काय मिळते, कोणाचा अर्ज का फेटाळला, कोणाला अर्ज कसा करतात हेच माहीत नाही, एवढे जरी लिहून काढले तरी लढ्याचे पहिले काम होईल. आमच्यासारखी निवृत्त माणसे त्यासाठी रिकामी आहेत. आम्हाला हाक मारा. आणि आज पंचविशीत असलेला जो तरुण ठेक्यावर काम करतो अथवा दुचाकीवरून घरोघर जेवण पोहोचवतो, त्याला या याद्या दाखवा. त्याच्या म्हातारपणाचे चित्र त्यांत आहे.

शेवटी एक प्रसंग. नोव्हेंबर २०२० मध्ये मला हयातीचा दाखला द्यायचा होता. पेन्शन सुरू राहण्यासाठी आपण जिवंत आहोत, हे दरवर्षी सिद्ध करावे लागते. तोंडाला पट्टी बांधून मी एका सेवा केंद्रात गेलो आणि यंत्रावर बोट ठेवले. यंत्राने नाकारले. दुसरे बोट, तिसरे बोट, दोन्ही हातांची दहाही बोटे झाली. तेहतीस वर्षांच्या रसायनांनी बोटांवरच्या रेषा झिजवून टाकल्या होत्या. ज्या कामाबद्दल मला पेन्शन मिळते, त्याच कामाने मी मी असल्याचा पुरावा पुसून टाकला होता. अखेर डोळ्यांची प्रतिमा घेणारे दुसरे यंत्र शोधून काढून काम झाले. घरी येताना मनात एकच विचार होता. हा म्हातारा जिवंत आहे काय, असे सरकार दरवर्षी न चुकता विचारते. तो कशावर जगतो, असे मात्र ते कधीच विचारत नाही. तो प्रश्न सरकारला विचारायला लावणे हे आपले काम आहे, आणि ते आपण एकेकट्याने घरी बसून होणार नाही.